पाऊणपट

पौष शुद्ध द्वितीया.
तिथीची पाऊणपट करायची, चांगुणामावशी म्हणते,
दोनाचे दीड.
दीडला भरती, म्हणजे साडेसातला
पाणी पार तळाला गेलेलं असणार.
माझ्या तक्त्यात सात एक्केचाळीस.
मधली अकरा मिनिटं
आम्ही दोघी पायरीवर बसून काढतो,
ती मिश्री लावत,
मी बुटांच्या नाड्या करकचून बांधत.

मग वरळीचा खडक वर येतो,
डबक्यातून उठणाऱ्या म्हशींसारखा,
एकामागून एक, काळा, ओघळता.
मागे किल्ल्याची भिंत, तिच्यावर वाळत घातलेली जाळी.
समोर पुलाच्या तारा.

मी चौकट टाकते.
मीटरभर लांब, मीटरभर रुंद, पीव्हीसीची नळी,
आत दोऱ्यांची शंभर घरं.
घर सतरा: शेवाळ.
घर अठरा: शेवाळ, आणि दुधाची पिशवी, अर्धा लिटरची.
घर एकोणीस: प्रवाळ.

रुपयाएवढं. तपकिरी.
निळ्याशार पाण्याच्या फोटोंतलं नव्हे,
हे इथलं, गढूळ पिऊन वाढलेलं,
उजेड मिळेल तेवढा रेशनसारखा भरून ठेवणारं,
दिवसातून दोनदा उघडं पडणारं
आणि तोंड मिटून वाट बघणारं.
कॅलिपर लावते: चोवीस मिलिमीटर.
गेल्या पौषात तेवीस.

"एक मिलिमीटर," मी मोठ्याने म्हणते, कुणाला तरी सांगायला हवं म्हणून.
मावशीचा कालवं फोडणारा हात थांबतो.
"म्हंजे वाढलं का घटलं?"
"वाढलं."
"मंग बोंबलतेस कशाला?"

खडकाच्या कडेला काल याच वेळी
मी प्लास्टरच्या सहा वड्या बांधून गेले होते.
पाणी जितकं धावतं तितकी वडी झिजते,
एवढंच त्यामागचं शास्त्र.
प्लास्टर परळच्या एका मूर्तिकाराचं,
गणपती संपल्यावर उरलेलं अर्धं पोतं.
समुद्राला ही चव ठाऊक आहे.

पहिली वडी: बेचाळीस ग्रॅमची एकतीस.
दुसरी, तिसरी, तशाच.
चौथीला खेकड्यानं कोपरा कुरतडलाय, की माझ्याच नखानं?
शेजारी प्रश्नचिन्ह काढते.
पाचवी, खाचेच्या तोंडाशी: बेचाळीसची नऊ.
सहावी खाचेच्या आत होती.
दोरा आहे, गाठ आहे.

"तिथं पाय घालू नको," मावशी पाठीमागून,
"ओढ हाय तिथं. माझ्या सासूची पाटी नेलीन त्या खाचेनं,
भरलेली."
मी लिहिते: प्रवाह, तीव्र.
पाटीचं वजन आणि साल
विचारायचं राहून जातं.

शेवटी लाटांची नळी.
वीतभर स्टील, खडकात चार स्क्रूंनी धरलेलं.
एकोणतीस दिवस प्रत्येक लाट तिच्यावरून गेली
आणि हिनं प्रत्येकीचं ओझं टिपून ठेवलं,
उधाणाचं, भांगाचं,
रात्री तीन वाजता कुणाच्याच नसलेल्या एका लाटेचंसुद्धा.
केबल जोडून मी सगळं उतरवून घेते.
आता काढायची, खरवडायची, पेटीत ठेवायची,
असा नियम.

सुरी टेकवते तर नळीच्या माथ्यावर
पांढरं काहीतरी.
मोहरीएवढं, टोकदार, झाकण लावून बसलेलं.
चौकटीत नाही.
खडकावरही नाही.
घर क्रमांक लिहावा तर घरच नाही.

मावशी वाकून बघते, डोळा बारीक करून.
"बसलं की गं हितं बिऱ्हाड," म्हणते,
आणि पाटी डोक्यावर चढवते.

बुटात पाणी शिरलं. सात अठ्ठावन्न.
बॅटरी अजून सोळा टक्के आहे.
ऑफिसात सांगेन, स्क्रू गंजले होते, निघाले नाहीत.
सुरी मिटून खिशात टाकते.

मावशी पायऱ्या चढता चढता, मी न विचारताच:
"उद्या तृतीया. सव्वादोन."