तेरा पायऱ्या

हॅल्डेनच्या वाचनालयात पोटमाळ्यावर जायला
नऊ पायऱ्या आहेत.
मी मोजल्यात, पुसल्यात,
जानेवारीत बुटांबरोबर आत आलेलं मीठ
एकेकीवरून खरवडून काढलंय.
नऊच.

आवाज तेरांचा येतो.

लेम्पी हार्जू निवृत्त झाली तेव्हा किल्ल्यांसोबत
तिनं मला एक निळी वही दिली.
म्हणाली, बाकीच्या नोंदी सरकारला लागतात,
ही गावाला लागते.

मार्च चोपन्न. मिसेस स्कुबिच.
वर्तमानपत्रांपाशी ओल्या लोकरीचा वास, माणूस नाही.
ऑक्टोबर एकाहत्तर. दोन मुलं, संडासाच्या आरशात बाई.
(समासात लेम्पी: दोघंही सिगारेट ओढत होते.)
मग खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
एकट्या फेब्रुवारीत अकरा नोंदी,
सगळ्या पुरुषांच्या,
जे दहाला यायचे, कोट न काढता बसायचे
आणि बंद होईपर्यंत एकच पान धरून ठेवायचे.
माणसांची कामं गेली की
भुतांना मिळतात.

कोण आहे ते, यावर एकमत नाही.
फिनिश लोक सांगतात, आयली राउतिओ, पहिली ग्रंथपाल.
गावाखाली लोखंड सापडलं,
कंपनीनं अख्खं गाव ओंडक्यांवर चढवून
दोन मैल दक्षिणेला ओढत नेलं,
तेव्हा ही बाई इमारतीतून उतरलीच नाही.
घोडे ओढत होते आणि ती आत बसून
पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत होती.
त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली.
स्लोव्हेन घरांत तो एक खाणकामगार असतो,
शब्दकोश परत करायचा राहिलेला.
पूर्वेच्या गल्लीतले इटालियन म्हणतात, लहान मूल आहे,
आणि पुढचं सांगत नाहीत.
मी वाराप्रमाणे कुणावरही विश्वास ठेवते.

गेल्या वर्षी डुलूथहून तिघं आले, यंत्रं घेऊन.
रात्रभर बसले.
त्यांच्या टेपवर आली रेडिएटरची ठोकाठोक
आणि टोइवो निएमीचं घोरणं.
तो कोपऱ्यात झोपला होता,
त्याच्यावर मीच चुकून कुलूप घातलं होतं.
सकाळी मी विचारलं, काही ऐकलंस?
छे, म्हणाला,
कुणीतरी वर गेलं, तेवढंच.

मग एके दुपारी, जुनी कागदपत्रं चाळताना,
सुताराचं बिल सापडलं.
नव्या जागी छत खाली घ्यावं लागलं,
जिना बसेना.
चार पायऱ्या कापल्या. मजुरी दोन डॉलर दहा सेंट.

रविवारी मी खाणीच्या काठावर गेले.
तारेच्या कुंपणाशी जुना थर्ड अव्हेन्यू संपतो,
डांबराची कड वाळलेल्या भाकरीसारखी तुटलेली.
खाली पाणी, बाटलीच्या काचेसारखं हिरवं.
वाचनालय होतं तिथं आता जमीनही नाही,
पत्ता तेवढा हवेत आहे.
एक सीगल त्या उंचीवरून गेला.
मी बराच वेळ बघत राहिले,
मग हातमोजे ओले झाले म्हणून परतले.

वहीत याबद्दल काही लिहिलं नाही.

सात वाजता मी दिवे मालवते, जिन्यावरचा सोडून.
परतीच्या खिडकीत टाकलेली पुस्तकं उचलते,
काही इतकी गार की हाताला चिकटतात.
कुलूप हातात घेऊन दाराशी उभी राहते.
सात, आठ, नऊ.
इथं लाकूड संपतं.
दहा.
अकरा.
बाराव्यापूर्वी जरा थांबणं असतं,
पिशवी या हातातून त्या हातात घेताना थांबतात तसं.
मी घाई करत नाही.
बाहेर उणे अठ्ठावीस आहे, गाडी सुरू होईल न होईल,
घरी सूप आहे कालचं.

बारा.

तेरा झाले की
मी कुलूप लावते.