अकरावा रकाना

फेब्रुवारीत, बेलकटाईला माणसं जंगलात जायच्या आत,
ग्रामसभेच्या भिंतीवर मी खडूने पाच घरं काढली:
विचारणं, आखणं, बांधणं, तपासणं, सोपवणं.
प्रत्येक घराखाली एक नाव.
विचारायला सुकेशिनी रामटेके. आखायला मी.
बांधायला ब्रह्मपुरीचा निकेश बोरकुटे.
तपासणाऱ्याचं घर रिकामं,
कारण तेवढे पैसे मंजूर झाले नव्हते.

मुदत मी ठरवली नव्हती.
तेंदूचं पान मेच्या सुरुवातीला तोडायजोगं होतं
आणि कोणाच्या पुढच्या आवृत्तीसाठी
झाडावर थांबून राहत नाही.

सुकेशिनी चोवीस दिवस फिरली. तीन गावं, एक स्कूटी,
दोनदा पंक्चर. फडीमुन्शी दसरू हलामी यांच्या वहीचे
पानोपान फोटो काढून आणले.
दहा रकाने. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा.
मी म्हटलं, सोपं आहे.
(तो शब्द मी नंतर कधी वापरला नाही.)

निकेशने रात्री-रात्री बांधलं,
सकाळी पाण्याच्या टाकीवर चढून
रेंज सापडेल तिथून पाठवलं.

एप्रिलात मागच्या हंगामाची वही भरून पाहिली.
गावाची बेरीज जुळली.
घरांची जुळेना.
कोणाला तोडल्यापेक्षा जास्त पैसे, कोणाला कमी,
आणि सगळ्यांच्या सह्या, अंगठे, समाधानाने.

तीन रात्री निकेश चूक शोधत होता.
तो सुकेशिनीवर घसरला, ती माझ्या आखणीवर.
मी साप्ताहिक अहवालात लिहिलं:
प्रगती समाधानकारक.

चौथ्या दिवशी मुन्शी सहज डोकावले,
पडद्याजवळ वाकले, चष्मा कपाळावर.
'हे चूक नोहे जी. टिंब कुठी गेलं?'

टिंब. नावापुढे पेन्सिलीचं.
फोटोत आम्ही ते धूळ समजलो होतो.

'कोनाच्या घरी बारतीन रायली, कोनाले हिवताप धरला,
तं बाकीचे आपले पाच-पाच पुडे
त्याच्या नावानं टाकतेत. टिंब म्हंजे ते.'

'मग सांगितलं का नाही, काका?'

'बाईनं इचारलं, वहीत काय लिवता.
काहून लिवता, ते कोनं इचारलं?'

निकेश म्हणाला, तीन दिवस लागतील.
आणि रकान्याला नाव पाहिजे, नावाशिवाय मशीन घेत नाही.
'मदत' लिहू? मुन्शी म्हणाले, मदत नोहे.
'उसने'? वापस कोन मांगते?
'दान' म्हटल्यावर ते उठून
बाहेर जाऊन थुंकून आले.

शेवटी आत कुठेतरी 'रकाना ११',
आणि पडद्यावर नुसतं टिंब.

भिंतीवर मी चौथ्या घरातून पहिल्या घराकडे
उलटा बाण काढला. हात जड झाला होता,
बाण वाकडा आला.
रिकाम्या घराखाली लिहिलं: दसरू हलामी.
मानधन किती, ते अजून ठरलेलं नाही.

सात मेला फडी लागली.
पुड्यांच्या रांगा उन्हात, मोबाइल मुन्शींच्या नातीच्या हातात,
मागे निकेश, काही अडलं तर म्हणून.
काही अडलं नाही.
पाचव्या दिवशी निकेशलाच थंडी वाजून ताप आला,
समाजमंदिरात दोन गोधड्यांखाली तो
कोणत्या तरी बेरजा बडबडत होता.

संध्याकाळी फडीवर कोणी काही बोललं नाही.
एकेका घराने पाच-पाच पुडे बाजूला ठेवले.
नातीने त्याचं नाव टाकायचा प्रयत्न केला.
कार्ड नंबराशिवाय नोंद होत नाही.
नियम निकेशनेच घातला होता, माझ्या सहीने.

मुन्शींनी पिशवीतून जुनी वही काढली,
पेन्सिलीला जिभेवर ओलं केलं,
लिहिलं: बोरकुटे, ब्रह्मपुरी.

आणि पुढे टिंब.