शटरिंग कधी काढायची

मे महिना, सेहेचाळीस अंश. स्टुडिओतला कूलर
पाण्याऐवजी नुसता आवाज फेकतो.
माउंटबोर्डवर मी उभं करतेय एक कॅथीड्रल,
जे मी पाहिलेलं नाही,
सरांनीही नाही. त्यांच्या स्लाइडवर
ते डावीकडे कललंय,
फोटो काढणारा कलला असेल म्हणून.

पाठ केलंय सगळं. मध्ये उंच दालन,
दोन्ही अंगांना बुटकी दालनं, ओळीनं अर्धगोल कमानी,
पूर्वेला अर्धवर्तुळ, तिथे वेदी.
वरून पाहिलं तर क्रूस.
पण वरून पाहायला तेव्हा होतं कोण,
घारी सोडून.

बांधायला एकशे दहा वर्षं लागली.
पाया खणणाऱ्याचा पणतू छताला पोचला
आणि मधला मनोरा एका रात्री आतल्या आत बसला.
पुस्तकात त्याला अर्धी ओळ.
उरलेली अर्धी: पुनर्बांधणी करण्यात आली.

करण्यात आली.

पाचपावलीच्या घरी मॉडेल पलंगावर ठेवलं.
पंखा बंद, कारण छप्पर अजून चिकटायचं होतं;
आई पदरानं मला वारा घालत होती, मॉडेलला लागणार नाही असा.
बाबा साइटवरून आले. शटरिंगच्या तेलानं काळे हात
मागे बांधून वाकले,
खिडकीतून आत बघत राहिले बराच वेळ.
"भिंत एवढी जाड काहून?"
म्हटलं, सात फूट आहे. वजनासाठी.
"वजन तं बारीक खांब बी घेते.
कमानीले खाली नाही जाचं राहत, माय,
तिले आडवं पळाचं राहते. भिंत तिले धरून बसली आहे.
मोठी खिडकी केली का
धरणाऱ्याचा हात सुटला."

म्हणून अंधार.
पुस्तक त्याला गूढ भक्तिभाव म्हणतं.

मी फोटो दाखवले: दगडांवर कोरलेल्या खुणा,
बाण, मासा, अर्धा चंद्र, एक नुसतीच फुली.
सर म्हणाले होते, प्रतीकं असावीत.
बाबा म्हणाले, "हजेरी आहे हे. कोनं किती दगड घडवले त्याची."

देव कोणता, हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, "लाकूड कोणतं?"
कमानीखालचं. शेवटचा दगड बसेपर्यंत
जे सगळं डोक्यावर घेऊन उभं राहतं,
आणि मग चुलीत जातं.
मी सूची पाहिली, तळटिपा पाहिल्या. नव्हतं.
"अन् काढलं कधी? घाई केली असन.
चुना ओला असन आतून. मालकाले
सणाच्या आत पाह्यजे असन."
नऊशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या मुकादमावर
बाबा चिडून बोलत होते,
आणि आईनं ताट वाढलं तरी बसेनात.

कळमन्याच्या गोदामाचा स्लॅब.
एकवीस दिवसांचं काम,
ठेकेदारानं नवव्या दिवशी टेकू काढायला लावले.
बाबा त्या दिवशी माझ्या फीच्या रांगेत होते.
शेषराव काका नव्हते.

रात्री दोनला उठून
पश्चिमेकडून तिसऱ्या कमानीखाली मी
आइस्क्रीमच्या काड्यांची शटरिंग बसवली.
उभ्या चार, आडव्या दोन,
पाचरी आगकाडीच्या.

एक्स्टर्नल पुण्याचे होते. घाम पुसत म्हणाले,
पौनीकर, हे काढायचं राहिलं का?
मी म्हटलं, नाही सर, चुना वाळायचाय.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी लिहिलं.
चार मार्क गेले. शेऱ्यात: मॉडेल अपूर्ण.

आता ते कपाटावर आहे.
कसरीनं दक्षिणेचं दालन थोडं खाल्लंय,
मनोऱ्यावर गेल्या दिवाळीची रांगोळीची पुडी.
पहाटे, डबा घेऊन निघताना,
बाबा स्टुलावर चढतात,
हात मागे,
आणि तिसऱ्या कमानीत डोकावून
न शिवता खाली उतरतात.