काटा

गाडी चढते तेव्हा आधी काटा करकरतो,
मग आकडा थरथरत थांबतो.
आजऱ्याकडची लाकडं. सालीवर अजून शेवाळ,
एका ओंडक्याला आमरीचं मूळ चिकटून आलंय,
त्याला कुणी सांगितलं नाही
आपण इचलकरंजीत, सायझिंगला आलोय म्हणून.

भरलेली : सतरा टन चारशे.
रिकामी : सात टन शंभर.
मधलं उरतं ते लाकूड, असं मी लिहितो.
त्यातलं तिसरा हिस्सा तरी पाणी.
ओलं लाकूड मालकाला महाग, बॉयलरला जड,
बाबालाल ड्रायव्हरला सोयीचं.
"वाटेत पाऊस लागला," म्हणतो. मार्चमध्ये.

दस्तगीर बॉयलरचं दार उघडतो.
ओंडका आत जाईस्तोवर
मी कापावरची वर्तुळं मोजत राहतो
पस्तीस, छत्तीस, हे बारीक आहे, त्या साली पाणी नसेल
सदतीस—
दार लागतं.
एवढ्या वाफेवर अर्ध्या बीमच्या सुताला खळ बसते.

तपासणीला आलेला पोरगा म्हणाला,
कोळसा सोडलात, बरं केलंत.
लाकडाचं काय, जळेल तेवढं नवं झाड परत शोषून घेतं.
त्याच्या कागदावर तळाला शून्य होतं,
गोल, सुबक.
कधीपर्यंत, मी विचारलं.
तो हसला. चहा प्याला. सही घेऊन गेला.

उधारी आम्हालाही कळते, साहेब.
पण वहीत नाव लागतं, तारीख लागते.
ते झाड लावायचं कुणी, कुठल्या डोंगरावर,
आणि ते सदतीस वर्षांचं होईपर्यंत
या धुरानं थांबायचं कुठं?

थांबलाय तो. शहापूरच्या पत्र्यांवर,
दोरीवरच्या ओल्या शाळेच्या शर्टांवर,
दस्तगीरच्या खोकल्यात,
पहाटे पंचगंगेवर, धुक्याच्या शेजारी.
धुकं नऊला उठून जातं.

रात्रपाळीत राखेची ट्रॉली निघते, वीटभट्टीला.
तीही काट्यावरूनच : दोनशे चाळीस किलो.
दहा टन आत, सहा मण बाहेर.
बाकीच्याची पावती मी कुणाच्या नावानं फाडू?
काटा जमिनीत बसवलाय, पक्क्या काँक्रीटमध्ये.
वर जाणारं त्याला कळत नाही.

आमरी मात्र खाली पडली होती, चाकाजवळ.
एक पान हिरवं.
सगळे गेल्यावर मी ती प्लेटवर ठेवून बघितली.
वीस किलोच्या आतलं हा काटा धरत नाही.

शून्य दाखवलं त्यानं.
गोल, सुबक.