मोजदाद

दूधगंगेच्या वळणावर, शाळेमागं,
बसदीच्या तीन भिंती उभ्या आहेत अजून.
छपराच्या जागी उंबर.
त्याची मुळं खांबांवरून खाली उतरलीत
अंधारात पायरी चाचपावी तशी.

कोल्हापूरच्या कचेरीनं मला मोजायला पाठवलंय.
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दोन ब्रश, एक रजिस्टर:
नग क्रमांक, मूळ जागा, सध्याची जागा, शेरा.

पायगोंडा मगदूम सायकल हातात धरून पुढं.
"हितं काय ऱ्हायलंय सायेब,
देऊळ बघायचं तर गाव बघा."

गाव बघितलं.

नग ४१, कीर्तिमुख. गुऱ्हाळात चुलवाणाचा टेकू,
जिभेवर काकवीचा काळा थर.
५८ ते ७३ बंधाऱ्यात.
पाणी उतरलं की हंसांची रांग दिसते,
पाठीवर शेवाळ, चोची प्रवाहाकडं.
९० तालमीत. कुणी वजन केलेलं नाही त्याचं,
पण कोण किती वेळा खांद्यावर घेतो
ते वस्तादाच्या वहीत आहे.

दर्ग्याच्या पायरीला अर्धा शिलालेख.
दस्तगीर मुजावरांनी ऊददाणी सरकवून
ओल्या फडक्यानं पुसून दिला.
हळेकन्नड. मला येईना.
पायगोंडानं अक्षरांवरून बोट फिरवलं, थांबला:
"चंद्रसूर्य हाईत तवर..."
पुढं दगड फुटलेला.
कुणी दिलं, काय दिलं, ते गेलं.
तवर तेवढं राहिलं.

पाडलं कुणी?
गुरुजी म्हणाले, फौज.
पायगोंडाचा आजा सांगायचा, नदी, एका रात्रीत.
ठेकेदाराचा नातू चहा पुढं करत हसला:
"आमच्या आज्यानं. पंधरा आणे गाडी.
रस्ता झाला की त्यातनं."
याला रजिस्टरात रकाना नाही.

खालच्या घाटावर पद्माक्का धुणं धुत होती,
पुढ्यात घासून गुळगुळीत झालेली पाठ एका दगडाची.
मी पाण्यात उतरलो, खालून हात घातला.
बोटं लागली. पाच. मग घोटा,
घोट्यावर वाळा.

"पाय हाय," ती म्हणाली, पिळा न थांबवता.
"नवी आले तवा सासूनं असाच हात घालाय लावला हुता.
म्हणून पालथा ठिवलाय.
पाठीवर आपटावं. पायावर न्हाई."

काठावर बसून लिहिलं.
नग २१२. मूळ जागा: द्वारशाखा, डावी, बहुधा यक्षी.
सध्याची जागा: खालचा घाट.
शेरा:
बराच वेळ काही सुचलं नाही.
मग लिहिलं, वापरात.

ब्रश टेकवला. ओला दगड रंग धरेना.
दोनाचा आकडा सुटला, लांबला,
बंधाऱ्याकडं निघाला, हंसांच्या बाजूला.

"वाळला की या," पद्माक्का म्हणाली.
"चैतात."