डागी पान

चव्वेचाळीस अंशांच्या गावात नेचे लावतोस,
चिलका म्हणाला, वेडा आहेस का बे.
मला अर्धंच ऐकू आलं.
एकतीस वर्षं चादरीच्या मागांमध्ये उभा होतो,
उरलेलं अर्धं तिकडेच राहिलंय.

आमचं घर आणि बंद कारखाना यांच्यामध्ये
तीन फुटांचा बोळ आहे.
ऊन तिथं फक्त मे महिन्यात येतं, वीस मिनिटं,
मीटर वाचायला आल्यासारखं,
बघतं आणि जातं.

पहिला नेचा भाच्यानं महाबळेश्वरहून आणला, हंसराज.
काळ्या तारेसारखे देठ, नाजूक काम.
नऊ दिवस टिकला.
कुंडी तशीच ठेवली, खिळे टाकायला.

दुसरा कुणी आणलाच नाही.
कारखान्याच्या हौदाची तोटी जिथं ठिबकायची
तिथं विटेच्या फटीत, जुन्या चुन्यात
आपला आपणच बसला होता.
मधे देठ, दोन्हीकडे पानं,
मागाची फणी आडवी धरावी तसा.
पान्याच्या टोकानं फट उकरून सोडवला,
मुळाला चुना चिकटला होता, तो राहू दिला.

कुंडीत विटांचे तुकडे, कोळसा, पाचोळा, मूठभर माती.
बाकीचं नागमणीनं शिकवलं.
तिला नेच्यातलं काही कळत नाही,
पण चाळीस वर्षं तेंदूची पानं
तिनं ओल्या फडक्यात जपलीत.
ती म्हणाली, पान नको भिजवू. पोतं भिजव.
म्हणून पोत्यावर कुंडी,
आणि रोज संध्याकाळी पोत्याला दोन तांबे,
तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही.
नळ पाचव्या दिवशी येतो.
चौथ्या दिवशी एकच तांब्या. त्यानं कधी तक्रार केली नाही.

मग एकदा तिनं पान उलटं केलं,
अंगठ्यानं कड चाचपली.
डागी आहे, म्हणाली.
पानाखाली दोन्ही कडांना तपकिरी रेघ,
चादरीच्या काठाला शिलाई मारावी तशी सरळ.
आमच्याकडे असलं पान छाटात जातं, म्हणाली,
आणि तंबाखू भरायला वळली.

मी तीन संध्याकाळी बसलो.
ओलं फडकं बोटाला गुंडाळून
एकेक पान खालून पुसलं.
फडकं बादलीत पिळलं.
इथं पाणी कुणी गटारात ओतत नाही,
भिंतीच्या बुडाशी, फुटक्या विटांवर टाकलं.
पानं स्वच्छ झाली. मला बरं वाटलं.

खतवाल्या मेरगूला मोबाईलवर जुना फोटो दाखवला,
औषध विचारलं.
तो इतका हसला की मलाही ऐकू आलं.
रोग कुठला, मामा? फूल नाही, फळ नाही,
बी तिथंच धरतं ते.

दोन दिवस नागमणीला सांगितलं नाही.
सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत,
नुसतं म्हणाली, हजारात चाळीस छाट काढायचा तो मुकादम.
पुढं काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही,
त्या चाळिसांतल्या चांगल्या किती होत्या.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
फुटक्या विटांवर हिरवं काही दिसलं.
शेवाळ आहे, ती म्हणाली, खरवड.
मी चष्मा लावून पालथा पडलो.
शेवाळ नव्हतं. नखाच्या तुकड्याएवढी पानं,
एका बाजूला खाच पडलेली, विटेला चपटी चिकटलेली,
नेच्यासारखी अजिबात नाहीत.
मोजायला लागलो, साठाच्या पुढं चुकलो.

एवढ्यात खांद्यावर तिचा हात,
तंबाखूचा वास.
बाहेर गल्लीभर ओरडत असणार, नीळ्ळु वच्चिनय्,
मला कुठलं ऐकू येतंय.
घागरी, पिंप, बादल्या, सगळं तसंच सोडून
ती माझ्याआधी बोळात गेली
आणि फडकं शोधू लागली,
विटांवर ओलं करून घालायला.