बाबांच्या गोळ्या

रात्रपाळीला मी एकटा.
खाली तळघरात सोळा दिवे
पोलादी नळांच्या पोटात जळत असतात.
त्यांच्याकडे थेट बघायचं नसतं, डोळे जातात.
झाकणाच्या जाड काचेतून हिरवट काहीतरी पाझरतं,
आपल्या वाट्याला तेवढंच.

सरोवराचं पाणी आत येतं.
दिसायला निर्मळ, पण ते ऱ्हाईनच्या काठाकाठानं
बाझेल, कोलोन, झ्वोले, सगळ्यांच्या घरून जाऊन आलेलं.
त्यात कोणाचे गुडघे आहेत,
कोणाचा रक्तदाब, कोणाची उधार आणलेली झोप,
कोणी नको म्हटलेलं मूल.
शरीर हवं तेवढं ठेवून घेतं
आणि बाकीच्यावर पाणी सोडतं.

गुडघ्यांचं औषध दिव्यापुढं फार टिकत नाही.
हटवादी आहे ते कार्बामाझेपिन.
नुसत्या उजेडानं ते हसतसुद्धा नाही.
त्याच्यासाठी पेरॉक्साइड सोडावं लागतं:
किरणाचा घाव बसला की त्याची दोन शकलं होतात
आणि ती शकलं, सुटलेल्या कुत्र्यांसारखी,
समोर येईल त्याला चावत सुटतात.

बाबा तेच घ्यायचे. दिवसाला तीन,
पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या.
गालातली एक नस बिघडली होती.
बांधावरून वारा आला तरी वीज पडल्यासारखे
गोठ्याच्या दाराला धरून उभे राहायचे,
आणि गाई वळून बघायच्या.
डावा गाल आठ-आठ दिवस बिनदाढीचा.
आई म्हणायची, डाउवे, अर्धा तरी माणसात ये.

जानेवारीत ते गेले.
उशाच्या खणात चार पाकिटं उरली.
औषधांच्या दुकानात परत करायची असतात,
हे गावातल्या शाळेत जाऊन मीच सांगतो,
चित्रं दाखवून, मुलांकडून वदवून घेतो.
आणि मीच, येल्मर, त्या संध्याकाळी
न्हाणीघराचं दार लावून
एकेक गोळी दाबून काढली
आणि साखळी ओढली.
दुकानातल्या पोरीनं विचारलं असतं, कोणाच्या?
तेवढं एक उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मंगळवारी चित्स्केनं प्रयोगशाळेचा कागद आणला.
आत येणाऱ्या पाण्यात कार्बामाझेपिन किंचित वर.
पावसाळी आठवडा नव्हता, ती म्हणाली,
कुठंतरी पाणी मुरतंय.
मी कागद खाली वर बघितला.
एका म्हाताऱ्याच्या चार पाकिटांनी
एवढं सरोवर हलत नाही, हे मला कळतं.
तरी मी त्या आकड्यावर बोट ठेवून बसलो,
कपाळाला हात लावून ताप बघावा तसा.

बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या रकान्यात
'मोजता येत नाही' असं लिहिलेलं.
चित्स्के म्हणते, मोडलं म्हणजे संपलं नव्हे,
तुकड्यांनाही नावं असतात,
काहींची तर अजून ठेवायची आहेत.
म्हणून पुढं कोळशाची गाळणी, मग पुन्हा कागद.

आज सात नंबरच्या दिव्याची काच काढली.
क्वार्ट्झवर चुन्याचं पातळ पांढरं कवच बसलं होतं,
त्याआडून उजेड पोचत नव्हता.
लिंबाच्या आम्लात फडकं भिजवून
हळूहळू पुसत गेलो, वरून खाली,
गोल काच डाव्या हातात फिरवत,
शेवटच्या महिन्यात बाबांची दाढी करायचो तसं:
आधी उजवा गाल,
मग डाव्याच्या अगदी कडेकडेनं,
श्वास धरून.

पहाटे पाचला नमुन्याचा नळ उघडला.
बाटली भरली, तारीख घातली.
नळ लगेच बंद केला नाही.
ओंजळ धरली.
थंड होतं. कसलीच चव नव्हती.